गवत दुधात कुठे उतरतं?

मी बेंगळुरूच्या राजाजीनगरातून बोलतोय. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं. नोकरी सगळी फौजेत, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद खात्यात. बंदूक इतरांसारखीच चालवायला शिकलो, पण आयुष्य गेलं ते पीठ, डाळ, तूप, दूध आणि पेट्रोल मोजण्यात. त्याआधी कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं, ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पडलं, आणि ते मुख्यतः तुपामुळे. ते पुढे सांगतो.

आजचा प्रश्न असा: कुरणात चरणाऱ्या गाईचं दूध गोठ्यात बांधलेल्या गाईच्या दुधापेक्षा वेगळं असतं का? असलं तर कशात आणि किती? आणि त्या फरकाचे पैसे कोणाला मिळतात? हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला खरं तर त्यासाठीच बोलायचं आहे.

प्रश्न निघाला तो आमच्या गल्लीमुळे. इथे तीन तऱ्हेचं दूध येतं. एक, नंदिनीची निळी पिशवी. दोन, मागच्या रस्त्यावरच्या गवळ्याकडचं, डोळ्यांसमोर काढलेलं. तिथे सकाळी स्टीलचे डबे घेऊन माणसं उभी असतात. आणि तिसरं हल्ली आलेलं, काचेच्या बाटलीतलं. बाटलीवर हिरवंगार कुरण, त्यात एक प्रसन्न गाय, खाली ‘देशी’, ‘ए-टू’, ‘ग्रास-फेड’ असे शब्द, आणि किंमत पिशवीच्या दुपटीहून जास्त. नातवंडं असलेल्या घरांत ती बाटली हटकून दिसते. एका शेजाऱ्यांनी मला विचारलं, ‘कर्नलसाहेब, तुम्ही खात्यातले. हे घ्यावं का?’ एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हे भाषण.

आधी दुधात काय असतं ते पाहू. गाईच्या दुधात सत्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. उरलेल्यात दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज, साधारण पावणेपाच टक्के. प्रथिनं तीन-सव्वातीन. स्निग्धांश, ज्याला आपण सगळे फॅट म्हणतो, साडेतीन ते साडेचार. आणि थोडे क्षार. गाय डोंगरावर चरू द्या नाहीतर दावणीला कडबा खाऊ द्या, यातलं लॅक्टोज जवळपास हलत नाही. कासेत पाणी ओढून आणायचं काम लॅक्टोजच करतं. ते कमी तयार झालं तर दूधच कमी येतं, दुधातलं त्याचं प्रमाण मात्र तेवढंच राहतं. कॅल्शियमचंही तसंच. चाऱ्यात कमी पडलं तर गाय आपल्या हाडांतून काढते, पण दुधात घालते. आई ती आईच. प्रथिनं जात, वेताचा काळ आणि एकूण खुराक यांवर हलतात, पण फार नाही. तेव्हा ‘कुरणातल्या दुधात कॅल्शियम जास्त’ वगैरे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

गवत उतरतं ते फॅटमध्ये. आणि तिथेही फॅट किती यापेक्षा कसलं, यात जास्त.

दुधातलं फॅट म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात चारशेहून अधिक तऱ्हेची स्निग्धाम्लं सापडली आहेत. ती दोन वाटांनी येतात. लहान साखळीची आम्लं कास स्वतः बनवते, तंतुमय चारा पोटात आंबून जे ॲसिटिक आम्ल तयार होतं त्यातून. लोण्याला आणि तुपाला तो खास वास देणारं ब्युटिरिक आम्ल याच घरातलं. लांब साखळीची आम्लं रक्तातून येतात, म्हणजे एक तर चाऱ्यातून, नाहीतर गाईच्या अंगावरच्या चरबीतून.

आता गवतात तेल असतं म्हटलं तर कोणाला पटत नाही. पण असतं. कोवळं हिरवं पान वाळवून वजन केलं तर त्यात दोन-तीन टक्के स्निग्धांश निघतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग असतो अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ज्याला बाटल्यांवर ओमेगा-३ लिहितात ते. पानाच्या हिरव्या भागात सूर्यप्रकाश पकडणारे जे पातळ पडदे असतात, त्यांत ते बसलेलं असतं. गाय पान खाते, ते कोठीपोटात जातं. तिथल्या जिवाणूंना हे असंतृप्त तेल सोसत नाही, म्हणून ते त्यावर हायड्रोजन चढवून त्याला घट्ट, संतृप्त करत सुटतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेल वापरून जे करतात, तेच काम गाईच्या पोटात फुकट चालतं. पण कारखाना घाईत असला की अर्धवट माल बाहेर पडतो. तसा इथेही पडतो. त्या अर्धवट मालाचं नाव व्हॅक्सेनिक आम्ल. ते रक्तातून कासेत जातं आणि कासेतलं एक विकर त्याचं सीएलए नावाच्या आम्लात रूपांतर करतं. थोडं ओमेगा-३ जिवाणूंच्या तावडीतून सुटून जसंच्या तसंही येतं. चरणाऱ्या गाईच्या दुधात ही दोन्ही वाढतात, फॅट जरा मऊ होतं, आणि त्याबरोबर बीटा-कॅरोटीन येतं, म्हणजे पिवळेपणा.

पिवळेपणाचं एक गंमतीचं आहे. म्हैस हेच गवत खाते, पण जवळपास सगळं कॅरोटीन तिच्या अंगात अ जीवनसत्त्वात बदलतं, म्हणून तिचं तूप पांढरं. गाय बरंचसं तसंच दुधात सोडते, म्हणून तिचं पिवळं. म्हणजे पिवळं ते पौष्टिक आणि पांढरं ते निकस असा हिशेब म्हशीच्या बाबतीत चालत नाही. एकाच गाईचं श्रावणातलं तूप आणि वैशाखातलं तूप शेजारी ठेवलं, तर मात्र रंगावरून तिनं काय खाल्लं ते कळतं. रंग घातलेला नसेल तर, अर्थात.

ओलं गवत वाळलं की यातलं बरंच जातं. उन्हानं आणि हवेनं कॅरोटीन उडतं, लिनोलेनिक आम्लही घटतं. कडबा म्हणजे तर पिकून उभ्यानं वाळलेलं ज्वारीचं ताट. पोट भरतं, रवंथ होतो, त्यातल्या तंतूंनी फॅटचा आकडाही टिकतो, पण वर सांगितलेल्या गोष्टी त्यात नावालाच. इकडे कर्नाटकात कडब्याच्या जागी नाचणीचा पेंढा असतो, त्याचीही तीच कथा. मक्याचा मुरघास बरा, पण हिरव्या गवताची सर त्याला नाही. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्या माणदेशात चारा छावण्या लागल्या, तेव्हा जनावरं दिवसचे दिवस ऊस आणि उसाच्या वाढ्यावर उभी होती. जीव वाचले, तेच मोठं. त्या दुधात कुरण शोधायला जाऊ नये.

इथे एक गोष्ट साफ करतो, कारण बाटलीवरच्या चित्रात ती नसते. हा सगळा फरक गाय हिंडली म्हणून पडत नाही, ताजं हिरवं पान पोटात गेलं म्हणून पडतो. गवत कापून ताजं ताजं दावणीला टाकलं तरी दुधात जवळपास तेच उतरतं. हिंडण्याचे फायदे गाईला: खुरं, सांधे, ऊन, वारा, आणि स्वतःचं खाणं स्वतः निवडण्याचं सुख. ते माझ्या मते कमी महत्त्वाचे नाहीत. पण ते दुधाच्या पृथक्करणात दिसत नाहीत.

आता तुपाचं सांगतो. चाऱ्यानं फॅट बदलतं हे मी पुस्तकात वाचण्याआधी सरकारी कागदावर वाचलं. तरुण अधिकारी असताना सप्लाय डेपोत होतो. तुपाचे डबे येत. भेसळ आहे का ते पाहायला प्रयोगशाळेचा अहवाल येई आणि त्यात एक आकडा असे, रायकर्ट-माइस्ल, आम्ही नुसतं आरएम म्हणायचो. पाच ग्रॅम तुपातली उडून जाणारी आणि पाण्यात विरघळणारी आम्लं किती, ते हा आकडा सांगतो. ही आम्लं म्हणजे वर सांगितलेली कासेत बनणारी लहान साखळीची. वनस्पती तुपात ती जवळपास नसतात. त्यामुळे आकडा खाली आला की संशय घ्यायचा: कोणीतरी डालडा मिसळला आहे.

पण नियमांचं पान उलटलं आणि मी थबकलो. अन्नभेसळीच्या नियमांत तुपाचा हा आकडा देशभर एकच नव्हता. बहुतेक भागांत किमान २४ ते २८, आणि ‘कापूसपट्टा’ म्हणून जाहीर केलेल्या भागांसाठी २१ पर्यंत सूट. तुपाचा आणि कापसाचा संबंध काय? संबंध सरकीचा. कापूसपट्टा म्हणजे कुठला, तर जिथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर चारली जाते तो. सरकीत तेल भरपूर. एवढं लांब साखळीचं तेल रक्तातून कासेत आलं की कास स्वतःचं लहान साखळीचं काम आखडतं घेते. तूप कडक होतं, आरएम उतरतो, आणि अगदी शुद्ध तूप भेसळीचं ठरायची वेळ येते. सौराष्ट्रातल्या, विदर्भातल्या प्रामाणिक माणसाला चोर ठरवायचं नसेल तर नियम वाकवायला हवा होता. तो वाकवला.

मला हे फार आवडलं, अजून आवडतं. गाईनं काय खाल्लं ते तुपात उतरतं, आणि इतकं उतरतं की कायद्याला दखल घ्यावी लागते, हे सरकारनं कागदावर मान्य केलं होतं. फक्त मान्य केलं ते एकाच दिशेनं. सरकीमुळे आकडा बिघडतो याची नोंद झाली. गवतामुळे काय सुधारतं, यासाठी कुठला रकानाच नव्हता.

बरं, सुधारतं किती? यावर जगभर भरपूर काम झालं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये झालेला, १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. पूर्ण कुरणावर असलेल्या गाईंच्या दुधातल्या दर ग्रॅम फॅटमध्ये सीएलए सुमारे २२ मिलिग्रॅम, आणि साठवलेला चारा व धान्य खाणाऱ्या गाईंच्या फॅटमध्ये सुमारे ४. पाचपटीहून जास्त. २०१८ साली अमेरिकेतल्याच दुधाचं दुसरं मोठं मोजमाप प्रसिद्ध झालं. त्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं गुणोत्तर गवतावरच्या दुधात १ च्या आतबाहेर होतं, नेहमीच्या दुधात पावणेसहाच्या आसपास. ते गुणोत्तर जितकं खाली तितकं बरं, असं मानतात. गवतावरचे ते नमुने एका सेंद्रिय सहकारी संस्थेचे होते आणि लेखकांत त्या संस्थेची माणसंही होती, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. पण दिशा खरी आहे, इतर देशांतही तीच दिसली.

‘पाचपट’ हा शब्द ऐकला की माणूस बाटली विकत घ्यायला उठतो. जरा बसा. रसद खात्यातली सवय अशी की टक्के ऐकले की लगेच विचारायचं, माणशी किती? एक पेला दूध, २०० मिली, निळ्या पिशवीतलं. त्यात फॅट ३ टक्के, म्हणजे सहा ग्रॅम. ते सगळं उत्तम कुरणातलं धरलं तरी सीएलए सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम. माणसांवर सीएलएचे जे प्रयोग झाले त्यांत रोज तीन-तीन ग्रॅमच्या गोळ्या दिल्या जात, म्हणजे वीस-पंचवीस पेले. ओमेगा-३ फॅटच्या एक टक्का धरा, पेल्यात साठ मिलिग्रॅम झालं. आणि आपली जवस? एक चमचा, पाच ग्रॅम, त्यात एक ग्रॅमहून अधिक. घरात ओमेगा-३ वाढवायचं असेल तर जवसाची चटणी करा, भाकरीबरोबर खा. दुपटीच्या बाटलीची गरज नाही. सोलापूरकडच्या आणि विदर्भातल्या मंडळींना हे सांगायला नको, त्यांच्या डब्यात ती असतेच.

तेव्हा शेजाऱ्यांना मी सांगितलं ते असं: दूध वेगळं असतं, हे खरं. नातवाची प्रकृती त्यानं बदलेल, हे नाही. चव आणि रंग आवडत असेल तर जरूर घ्या. आणि ‘ए-टू’ हा शब्द वेगळा काढा. ए-वन, ए-टू हा दुधातल्या बीटा-केसीन नावाच्या प्रथिनाचा प्रकार. तो गाईच्या जनुकांतून ठरतो, गवतानं इकडचा तिकडे होत नाही. ए-टू गाय आयुष्यभर गोठ्यात पेंड खात असू शकते. ऑगस्ट २०२४मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं हे दावे वेष्टनावरून काढा असं सांगितलं आणि पाच दिवसांत ती सूचना मागे घेतली. तेव्हा बाटलीवर ते शब्द आहेत, आणि आपण वाचणाऱ्यांनीच डोकं वापरायचं आहे.

मग मी गवताची एवढी बाजू का घेतोय? आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी मी राहतो त्या मुलखाची एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती फौजेचीच आहे.

म्हैसूरच्या वाडियार राजांनी गाईंचे मोठे कळप राखले होते. चिक्कदेवराज वाडियारांच्या काळात त्या खात्याचं नाव होतं ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी. राजवाड्याला दूधलोणी आणि फौजेला बैल, दोन्ही कामं एकाच कळपाकडून. हैदरअलीनं कळप वाढवले. टिपूनं नाव बदलून ‘अमृत महाल’ केलं. तोफा आणि सामान ओढण्यात या बैलांची बरोबरी दुसरे करू शकत नव्हते. हैदरची फौज चिदंबरमच्या मदतीला अडीच दिवसांत शंभर मैल गेली ती यांच्या जोरावर, असं सांगितलं जातं. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी किल्ल्याइतकंच लक्ष या कळपावर ठेवलं. पुढे १८६० साली काटकसर म्हणून तो मोडला, आणि काही वर्षांतच पुन्हा उभा करावा लागला. काटकसरीचे असे किस्से प्रत्येक फौजेत असतात.

पण मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते ‘कावल’. कावल म्हणजे राखीव कुरण. हसन, चिक्कमगळुरू, चित्रदुर्ग, तुमकूर या भागांत मिळून कावलांची जमीन एकेकाळी चार लाख एकरांच्या वर होती. आणि त्यांचे तीन वर्ग होते: उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी. उन्हाळी कावल म्हणजे जिथे झाडांची सावली आहे आणि तळ्याच्या पोटात ओल राहून हिरवं गवत टिकतं. पावसानंतर दुसरीकडे, थंडीत तिसरीकडे. कळप वर्षभर फिरत राहायचा, आणि मागच्या कुरणाला उठायला वेळ मिळायचा. मगाशी आपण पाहिलं ना, वाळलं की जातं, ओलं असेल तर उतरतं? लिनोलेनिक आम्लाचं नावही कोणाला माहीत नसताना बारा महिने ओलं पान गाईच्या तोंडाशी ठेवायची व्यवस्था त्या लोकांनी नकाशावर आखली होती. अमृत महाल गाय दूध फार देत नाही, ती बैलांसाठीच जपलेली जात. तरी खात्याचं पहिलं नाव लोण्यावरून पडलं होतं.

आमच्या काळातल्या फौजेनंही गाई राखल्या. पहिलं मिलिटरी फार्म १८८९ साली अलाहाबादला निघालं. पुण्याकडच्या मंडळींना पिंपरीचं मिलिटरी डेअरी फार्म माहीत असेल. होल्स्टीन आणि साहिवाल यांच्या संकरातून ‘फ्रिजवाल’ जात तयार करायचं काम या फार्मांवर कृषी संशोधन परिषदेबरोबर झालं. वेताला चार हजार लिटर दूध, चार टक्के फॅट, हे त्याचं उद्दिष्ट. पाहा, तिथेही मोजायचं काय, तर लिटर आणि फॅट. ३१ मार्च २०२१ रोजी ही फार्मं अधिकृतपणे बंद झाली, १३२ वर्षांनी. दूध आता सहकारी डेअऱ्यांकडून मिळतं, फौजेनं गोठे कशाला सांभाळायचे, हा युक्तिवाद मला पटतो. हळहळ वाटते ती त्या फार्मांच्या गवताळ जमिनींसाठी. शहरं वाढत जातात तसं त्या जागांकडे सगळ्यांचं लक्ष जातं.

कावलांचंही तेच झालं. त्यांचा थोडाच भाग आज उरला आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळच्या अमृत महाल कावलांतली सुमारे दहा हजार एकर जमीन गेल्या पंधरा-सोळा वर्षांत संरक्षण संशोधन, अणुसंशोधन, अवकाश संशोधन अशा संस्थांना दिली गेली. तिथल्या मेंढपाळांची, घोंगड्या विणणाऱ्यांची तक्रार हरित लवादापर्यंत गेली. मी फौजेतला माणूस. विमानांच्या चाचणीला मोकळं मैदान लागतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण कागदावर ‘पडीक’ म्हणून दिसणारी ती जमीन रिकामी नव्हती, ती दोन-तीनशे वर्षं राखलेली होती, एवढं बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. गवताला कागदावर किंमत नव्हती. म्हणून ते ‘पडीक’ ठरलं.

आणि किंमत का नव्हती, ते पाहायला आमच्या गावच्या डेअरीत चला. सकाळी सहाला रांग लागते. यंत्रात थोडं दूध घालतात, अर्ध्या-एक मिनिटात आकडे येतात: फॅट इतकं, एसएनएफ इतकं. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पॉइंटामागे पैसे कापतात. माझ्या चुलतभावाच्या दोन गाई आहेत. पाऊस बरा झाला तर श्रावणापासून दिवाळीपर्यंत तो त्यांना डोंगराच्या उताराला चारतो. कोवळ्या, पाणीदार गवतात तंतू कमी, त्यामुळे फॅटचा आकडा दोन-तीन पॉइंट खाली येतो. म्हणजे ज्या महिन्यांत त्याचं दूध सगळ्यात पिवळं, सगळ्यात चवदार आणि आत्ता सांगितलेल्या हिशेबानं सगळ्यात चांगलं, नेमके त्याच महिन्यांत त्याला भाव कमी मिळतो. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, गाय रानात गेली की मशीन रुसतंय बघा.’ दिवाळीनंतर कडबा आणि सरकी पेंड सुरू झाली की मशीन खूश.

यात डेअरीवाल्याची लबाडी नाही. यंत्र फॅट किती ते सांगतं, कसलं ते सांगत नाही. पुढे ते दूध टँकरमध्ये बाकीच्या हजारो लिटरमध्ये मिसळतं, फॅट काढून-घालून ३ टक्क्यांवर आणलं जातं आणि पिशवीत भरलं जातं. उतारावरचं ते गवत राजाजीनगरात काय किंवा दादरला काय, कोणाच्या जिभेपर्यंत पोचत नाही. मग त्यानं गाय चारायची कशासाठी? चारायला एक माणूस दिवसभर अडकतो. चालण्यात गाईची ताकद जाते, दूध कमी येतं. गणित सरळ आहे: गाय बांधा, पेंड घाला. आणि गाई बांधल्या की गायरानाला कोणी वाली राहत नाही. आमच्या गावच्या गायरानात मी लहानपणी शेणी गोळा केल्या आहेत. आज तिथे गाय दिसत नाही, म्हणून मग ग्रामसभेत प्रश्न येतो, ही जागा रिकामी का ठेवायची?

मोजता येत नाही म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. मोठ्या प्रयोगशाळांतली अवरक्त किरणांची यंत्रं फॅटचे प्रकारही ढोबळपणे सांगू शकतात, युरोपात सांगतात. काही ठिकाणी तर यंत्राच्या नादी न लागता सरळ गाय कुठे होती तेच मोजलं. नेदरलँड्समध्ये ‘कुरण दूध’ म्हणून विकायचं तर गाय वर्षात किमान १२० दिवस, दिवसाला किमान सहा तास कुरणात असावी लागते, आणि शेतकऱ्याला त्याचे जादा पैसे मिळतात. फ्रान्समधल्या कोंते चीजसाठी मुरघास वर्ज्य, आणि दर गाईमागे किमान एक हेक्टर गवताळ जमीन हवी. ऑस्ट्रियातल्या ‘गवत दुधा’ला २०१६ साली युरोपीय संघानं पारंपरिक खाद्य म्हणून संरक्षण दिलं, तिथेही मुरघास चालत नाही. सगळीकडे नियम साधे, सरपंचालाही तपासता येतील असे. आपल्याकडे बाटलीवर कुरणाचं चित्र छापता येतं. ती गाय किती दिवस आणि किती तास चरली ते कोणी विचारत नाही.

तेव्हा विचारा. बाटलीवाल्याला फोन करून विचारा, वर्षाचे किती महिने ओला चारा असतो, आणि मार्च ते मे गाई काय खातात? ‘वर्षभर कुरण’ असं उत्तर आलं तर ते पाणी कुठून आणतात तेही विचारा. मी आमच्या गवळ्याला विचारलं. तो तुमकूरकडचा, गोठ्यात तीन संकरित गाई. तो म्हणाला, ‘हसी हुल्लु’, म्हणजे ओलं गवत, पावसाळ्यात गावाकडून टेंपोनं येतं, तेवढेच चार महिने. बाकी नाचणीचा पेंढा, पेंड, आणि बाजारात भाव पडला की कोबीची पानं. कोबी जास्त झाली की दुधाला वास येतो, तेही त्यानंच सांगितलं. एवढं खरं बोलणारा दूधवाला मिळाला तर रतीब सोडू नये. पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरी त्याचं दूध येतं. पत्नी साय साठवून लोणी काढते, आणि त्या दिवसांतलं तूप जास्त पिवळं असतं.

पुणे-मिरजेकडून बेंगळुरूला रेल्वेनं येणाऱ्यांना एक सांगतो. हुबळीच्या पुढे, चिकजाजूर आणि बिरूर यांच्या मधे अज्जमपूर नावाचं लहानसं स्टेशन लागतं. अमृत महाल गाईंचं सरकारी पैदास केंद्र आजही तिथे आहे. दिवसाची गाडी असेल आणि हाताशी एक दिवस असेल तर उतरा. पाऊस संपल्यावर जा, ऑक्टोबरात. गाई राखाडी रंगाच्या, शिंगं लांब, मागे वळून टोकदार झालेली. फार जवळ जाऊ नका, त्या माणसांना सहज जवळ येऊ देत नाहीत.